अंगणातले इंजिन : सुपा परिसर आणि हेड गॅस्केट बदलण्याची घरगुती कारागिरी

प्रस्तावना

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली प्रवासी गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. महाराष्ट्रातील सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासात या दिवसाची नोंद आवर्जून घेतली जाते. त्या मार्गावर शिरूर मागे टाकून घोड नदी ओलांडली की अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) सुरू होतो, आणि पुढे पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव लागते. येथूनच पारनेरकडे जाणारा रस्ता फुटतो. (बारामती तालुक्यातील, भोसले घराण्याच्या जहागिरीमुळे इतिहासप्रसिद्ध असलेले सुपे हे गाव वेगळे, दोहोंची गल्लत अभ्यासकांकडूनही होते.) पर्जन्यछायेतील कोरडवाहू मुलूख आणि गावाला लागून असलेला हमरस्ता या दोन गोष्टींनी सुप्याचे आधुनिक जीवन घडविले. आज या गावाची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे सांगितली जाते. परंतु यंत्राशी या परिसराचा परिचय त्याआधी कितीतरी वर्षे झालेला होता. तो विहिरीच्या काठावर आणि रस्त्याच्या कडेला झाला.

मराठीत यंत्रयुगाचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर, वालचंद हिराचंद यांच्या कर्तृत्वाचे वर्णन त्यात विस्ताराने येते आणि ते योग्यच आहे. मात्र कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिन पुढे वीस-तीस वर्षे चालत राहते आणि त्या काळात ते कोणी, कोठे व कसे चालते ठेवले, हा प्रश्न या चरित्रांच्या कक्षेत येत नाही. डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांऐवजी वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने पाहण्याचा आग्रह धरला. डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र यांच्या आधारे भारतीय दैनंदिन जीवनातील लहान यंत्रांचा मागोवा घेतला. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने एकाच दुरुस्तीचा विचार केला आहे : मोटारीच्या इंजिनाचे हेड गॅस्केट घरच्या अंगणात बदलणे. ही दुरुस्ती निवडण्याचे कारण असे की, ती घर आणि कारखाना यांच्या बरोबर सीमारेषेवर येते. चाक बदलणे किंवा प्लग साफ करणे कोणालाही जमते. क्रँक घासणे किंवा बोअर करणे लेथवाचून होत नाही. हेड गॅस्केट बदलण्यासाठी मात्र इंजिन उघडावे लागते, तरीही ते काम एके काळी घराच्या ओट्यासमोर होत असे. ते का होऊ शकले आणि पुढे का थांबले, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

विहिरीवरचे इंजिन

पारनेर तालुक्यातील शेतकऱ्याने आतून पाहिलेले पहिले इंजिन मोटारीचे नव्हते. ते पाण्याच्या पंपाचे होते. साताऱ्याजवळील कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढील दोन दशकांत एका सिलिंडरचे, पाच अश्वशक्तीच्या आसपासचे उभे इंजिन पश्चिम महाराष्ट्राच्या विहिरींवर सर्वत्र दिसू लागले. वीज पोहोचेपर्यंत मोटेची जागा याच इंजिनाने घेतली.

या इंजिनाच्या रचनेतील एक बाब येथे महत्त्वाची आहे. पाण्याने थंड होणाऱ्या अशा पुष्कळ इंजिनांना रेडिएटर नसे. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक नळी इंजिनाकडे वळवलेली असे आणि ते पाणी सिलिंडरभोवती फिरून पाटात पडे. पंप पाणी देत आहे तोवर इंजिन थंड राहणार, हा त्यामागचा साधा हिशेब. बागायती प्रदेशात तो चुकत नसे. पारनेरसारख्या भागात मात्र उन्हाळ्यात विहिरीचा तळ लागे, पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागे आणि त्याच क्षणी इंजिनाचे पाणीही तुटे. माणूस दारे धरायला शेताच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असला, तर आवाज बदलल्याचे त्याच्या ध्यानात येईपर्यंत इंजिन लालबुंद होऊन गेलेले असे. घाईने त्यावर बादलीभर गार पाणी ओतले की हेडला तडा जाई. ओतले नाही तरी गॅस्केट जळालेले असे. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, खोल केल्या गेल्या, पुन्हा आटल्या. त्या काळाची चर्चा धान्य, जनावरे आणि रोजगार हमीची कामे यांच्या संदर्भात होते. इंजिन तापण्याचा प्रश्नही त्याच पाण्याच्या तुटवड्याचा भाग होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

पिकाला पाण्याची पाळी द्यायची आहे आणि इंजिन बंद आहे, अशा वेळी मिस्त्री येईपर्यंत थांबणे परवडत नाही. एका सिलिंडरचे हेड मोजक्या नटांनी बसवलेले, बीड लोखंडाचे आणि सुटसुटीत. दोन-तीनदा मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून पाने हाती देणारा शेतकरी चौथ्या वेळी स्वतःच हेड खोली. हे शिक्षण कोणत्याही शाळेत झालेले नाही. १९५० पासून सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून उभ्या राहिलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक हे अभ्यासक्रम आले. पण विहिरीवरच्या शिक्षणाला प्रमाणपत्र नव्हते आणि म्हणून त्याची मोजदादही नाही. पशुगणनेबरोबर शेतीची अवजारे मोजली जात आणि त्यांत तेलावर चालणारी इंजिने व विजेचे पंप यांचेही आकडे येत. इंजिन किती, हे शासनाला ठाऊक होते; ते उघडू शकणारे हात किती, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

गॅस्केटचे कार्य

दुरुस्तीचे महत्त्व समजण्यासाठी गॅस्केटचे स्थान थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ज्यात दट्ट्या वरखाली होतो तो सिलिंडरचा ठोकळा खाली आणि त्याला झाकणारे हेड वर. या दोहोंमध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात : जळणाऱ्या वायूचा दाब, थंड करणारे पाणी आणि वंगणाचे तेल. पेट्रोल इंजिनात हा दाब वातावरणाच्या चाळीस-पन्नास पट, तर डिझेल इंजिनात शंभर पटींच्याही वर जातो. एखाद्या ठिकाणी थर जळाला की तिघांची सरमिसळ होते. तेलात पाणी मिसळून तेल दुधाळ चहासारखे दिसते, रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालविल्यास पाण्यात बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरी वाफ निघते. 'गाडी पाणी खाते' हा गॅरेजमधील वाक्प्रचार या अवस्थेचे नेमके वर्णन करतो. ज्ञानकोशांनी पिस्टनला 'दट्ट्या' आणि इंजिनाला 'अंतर्ज्वलन-एंजिन' असे शब्द दिले. मिस्त्रींनी इंग्रजी शब्द तसेच उचलले, पण त्यांना जोडलेली क्रियापदे मराठीच ठेवली. इंजिन पाणी खाते, तेल पिते, दम टाकते. रोगाची पारख या क्रियापदांत साठवलेली आहे.

मोटार अंगणात येते

खाजगी मोटार ग्रामीण भागात उशिरा आणि बहुधा जुनी होऊनच आली. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ला येथे फियाट गाड्या बांधल्या. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट, नंतर 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' या नावांनी मूलतः एकच गाडी नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत तयार होत राहिली. परवाना पद्धतीमुळे नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९८० च्या सुमारास साऱ्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजारच मोटारी तयार होत होत्या. साहजिकच जुनी गाडी मोडीत निघत नसे. ती मुंबई-पुण्यातून तालुक्याच्या गावी येई. डॉक्टर, अडते, शिक्षणसंस्थांचे पदाधिकारी आणि काही बागायतदार यांच्या दारात ती उभी राही.

पद्मिनीच्या १०८९ घनसेंटीमीटर इंजिनाचा ठोकळा बीड लोखंडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे होते. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दर वेळी इंजिन तापले की हेड ठोकळ्यावर किंचित सरकू पाहते आणि मधले गॅस्केट रगडले जाते. एकदा जरी पाणी संपून इंजिन फार तापले, तर हेड वाकते. तिची समकालीन ॲम्बॅसडर जड बीड हेडची असल्याने याबाबत अधिक सोशिक होती. पद्मिनीचे हेड नाजूक होते, पण हलकेही होते. एका माणसाला ते उचलता येई. दोष आणि सोय एकाच धातूतून आलेली होती.

तरीही हे काम घरी होऊ शकण्याचे खरे कारण धातूत नाही, इंजिनाच्या मांडणीत आहे. पद्मिनी, ॲम्बॅसडर आणि विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन या तिघांतही झडपा उघडणारा कॅमशाफ्ट खाली, ठोकळ्यात असतो. तेथून उभ्या पुश रॉड वर येतात आणि हेडवरील रॉकरांना ढकलतात. हेड उतरवले तरी कॅम आणि क्रँक यांचे नाते जसेच्या तसे राहते. म्हणजेच इंजिनाचे 'टायमिंग' बिघडविण्याची भीती न बाळगता हेड खोलता येते. परत बसविल्यावर झडपांची फट तेवढी पातळ पट्ट्यांच्या गेजने जुळवली की काम झाले. विहिरीवर शिकलेला हात मोटारीच्या बॉनेटखाली गोंधळला नाही, त्याचे स्पष्टीकरण या साम्यात सापडते.

कामाचा क्रम

हे काम साधारणतः दोन दिवसांचे असे. पहिल्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची तार सोडून पाणी काढले जाई. पाणी तुटीच्या गावात तेही बादलीत धरून ठेवण्याची सवय होती. मग कार्बोरेटर, रबरी पाइप, सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड एकेक करून सुटत. रॉकरचा दांडा उतरला की पुश रॉड उपसायच्या. पण ज्या जागेची रॉड त्याच जागी परत गेली पाहिजे, कारण प्रत्येकीचे टोक आपापल्या जागी झिजून बसलेले असते. यासाठी बुटाच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोके पाडून त्यांत त्या क्रमाने खोवून ठेवीत. नट सैल करताना बाहेरून आत यायचे आणि आवळताना मधून बाहेर जायचे, हा नियम न पाळल्यास हेड वाकते. हेड चिकटून बसले असेल तर फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालण्याचा मोह होतो. त्याने ॲल्युमिनियमवर जो ओरखडा पडतो, त्यातूनच पुढे पाणी झिरपते. लाकडी ठोकळ्याने बाजूने ठोकून ते सोडविणे हे कसबाचे लक्षण मानले जाई.

हेड उतरल्यावर घर या कामात ओढले जाई. भाग धुण्यासाठी रॉकेल लागे आणि ते रेशनचे असे. चुलीच्या आणि दिव्याच्या वाट्यातूनच ते काढावे लागे. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, धान्य पाखडून झालेले पोते, कधी घरची जुनी परात अशी सामग्री स्वयंपाकघरातून बाहेर येई. मोटारीच्या इतिहासात घरातील स्त्रिया प्रवासी म्हणून येतात. या कामात त्यांच्या वाट्याच्या इंधनाचा आणि कापडाचा हिस्सा होता, हे नोंदवायला हवे. सुप्याच्या पठारावर वारे जोराचे वाहतात. पुढे त्याच वाऱ्यावर तेथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. उघड्या सिलिंडरमध्ये धुळीचा कण जाऊ नये म्हणून तोंडांत चिंध्या कोंबणे आणि वर ओले पोते टाकणे अशा ठिकाणी अपरिहार्यच.

यानंतर निर्णायक तपासणी येते. हेडचा तळ सपाट आहे की नाही हे सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून, खाली गेजची पातळ पाती सरकते का, यावरून पाहतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी पोकळीही पुरेशी घातक असते. ज्यांच्याकडे गेज नसे ते सिगारेटच्या चांदीचा कागद वापरीत. थोडा वाक असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर हेड इंग्रजी आठच्या आकारात तासभर घासणे हा घरगुती उपाय होता. वाक जास्त असेल तर मात्र घराची हद्द संपे. हेड पोत्यात गुंडाळून नगरला किंवा पुण्याला 'फेसिंग' मारायला न्यावे लागे आणि बहुधा ते राज्य परिवहनाच्या गाडीनेच जाई. अंगणातली दुरुस्ती स्वयंपूर्ण होती असे चित्र रंगविणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ती शहरातील लेथ, दुकानातले गॅस्केट आणि त्यांना जोडणारा हमरस्ता यांवर उभी होती. सुप्यासारखे रस्त्याकाठचे गाव या बाबतीत आडबाजूच्या वाडीपेक्षा निश्चितच सुदैवी होते.

दुसऱ्या दिवशी नवे गॅस्केट बसे. पैशाची चणचण असल्यास जुनेच तांब्याचे गॅस्केट तापवून, पाण्यात बुडवून मऊ केले जाई आणि वर चंदेरी रंगाचा हात देऊन पुन्हा वापरले जाई. नट किती आवळायचे हे दाखविणारा टॉर्क पाना फार थोड्यांकडे असे. पान्याची लांबी आणि मनगटाचा अंदाज यांवर ते ठरे. दोन-तीन फेऱ्यांत, मधून बाहेर, थोडे थोडे आवळायचे. गाडी काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा. ही शेवटची फेरी पुष्कळांकडून राहून जाई आणि सहा महिन्यांनी तेच काम पुन्हा निघे. अंदाजाने आवळण्यात अनेक स्टडचे आटे गेले, हेही मान्य करावे लागेल. घरगुती दुरुस्ती नेहमीच चांगली दुरुस्ती होती असे नाही.

'जुगाड' या शब्दाची अडचण

अलीकडे अशा कामांना सरसकट 'जुगाड' म्हणण्याची प्रथा रूढ झाली आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी या शब्दाला प्रतिष्ठाही दिली. परंतु वर वर्णिलेल्या क्रमात तात्पुरती युक्ती फारच थोडी आहे. नट उलगडण्याचा क्रम, पुश रॉडची जागा, सपाटीची तपासणी, दोन टप्प्यांत आवळणे हे सारे कारखान्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले नियमच आहेत. ते पुस्तिका न वाचता, हातातून हाताकडे पोहोचले एवढाच फरक. चांदीचा कागद आणि काच ही साधनांची बदली होती; पद्धतीची नव्हती. 'जुगाड' म्हटल्याने कसबाचे श्रेय परिस्थितीला मिळते आणि शिकणाऱ्याचे शिकणे अदृश्य होते.

हे काम पुढे का थांबले, याचे उत्तरही लोकांच्या बदललेल्या वृत्तीत शोधण्याची गरज नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. तिच्या ७९६ घनसेंटीमीटर इंजिनात कॅमशाफ्ट वर, हेडमध्येच गेला होता आणि क्रँकशी त्याचे नाते दातेरी पट्ट्याने जोडलेले होते. आता हेड उतरवायचे म्हणजे पट्टा काढायचा, आणि परत बसविताना खुणा दाताला दात जुळवायच्या. एक दात चुकला तर इंजिन नीट चालत नाही; काही इंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून वाकतात. पुश रॉडच्या इंजिनाने दिलेली निर्धास्ती संपली. त्यानंतर पोलादी पत्र्यांचे बहुस्तरीय गॅस्केट आले. ते टिकाऊ आहे, पण त्याला यंत्रावर घासलेला अत्यंत गुळगुळीत पृष्ठभाग लागतो; काचेवरचा पॉलिश पेपर त्याला पुरत नाही. हेडचे बोल्टही ठरावीक अंशांत पिळून ताणायचे, अनेक इंजिनांत एकदाच वापरायचे असे झाले. २००० पासून देशभर लागू झालेल्या प्रदूषण मर्यादांमुळे कार्बोरेटर मागे पडून इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा आला. विहिरीवरही विजेचा पंप स्थिरावल्याने जेथे हात तयार होत, ती शाळाच बंद पडली. नव्या गाड्यांचे गॅस्केट क्वचितच जाते, ही ग्राहकाच्या दृष्टीने निर्विवाद प्रगती आहे. ते गेल्यास मात्र मालकाला बॉनेट उघडून पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही.

गॅस्केटमधील थर

या कारागिरीचा एक भाग गौरवाने सांगण्यासारखा नाही. त्या काळातील हेड गॅस्केट बहुधा तांब्याच्या किंवा पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचा थर दाबून केलेले असे. जळालेले गॅस्केट हेडला चिकटून बसे आणि ते पात्याने खरवडून, वर पॉलिश पेपर मारून काढावे लागे. कोरडेच खरवडल्यास तंतुमय धूळ उडे आणि ती फुंकर मारून साफ करण्याची सर्वांचीच सवय होती. खोक्यात पुश रॉड खोवून देणारे, चिंध्या धरणारे मूल सहसा तेथेच बसलेले असे. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे विकार वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात, हे वैद्यकशास्त्राने निश्चित केलेले आहे. अर्थात, वर्षाकाठी एखादे गॅस्केट बदलणाऱ्याचा धोका रोज ते काम करणाऱ्या मिस्त्रीएवढा नसतो. रस्त्याकाठच्या गॅरेजमधील कामगाराचा प्रश्न त्यामुळे अधिक गंभीर ठरतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८६ मध्ये ॲस्बेस्टॉसविषयक करार संमत केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निर्णय देताना कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस उद्योगांनी आपल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षांपर्यंत जतन कराव्यात असा आदेश दिला. गॅस्केट तयार करणारा कामगार त्यामुळे निदान कागदावर तरी दिसू लागला. तेच गॅस्केट बसविणारा व खरवडणारा मिस्त्री, शेतकरी किंवा गाडीमालक कोणत्याही उद्योगाचा कामगार नव्हता आणि अंगण हा कारखाना नव्हता. पद्मिनीच्या अखेरच्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला, तेव्हा वृत्तपत्रांनी तिच्यावर हळहळीचे लेख लिहिले. त्या गाड्यांची हेड खरवडणाऱ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत, न्यायालयाने नोंदींसाठी ठरविलेला चाळीस वर्षांचा काळ अद्याप पुरा व्हायचा आहे.